जुन्या गिटार अ‍ॅम्पचा रिव्हर्ब क्षीण झालाय? नवा टँक मागवण्याआधी हे तपासा

जुन्या अ‍ॅम्पचा रिव्हर्ब, म्हणजे गिटारच्या आवाजाला येणारा घुमारा, सहसा एका रात्रीत बंद पडत नाही, तो हळूहळू उतरतो. पूर्वी नॉब तीनवर ठेवला तरी आवाज ऐसपैस पसरायचा. मग पाच लागतो, मग आठ, आणि एक दिवस दहावर नेला तरी गिटार कोरडीच वाजते. कोल्हापुरात असे अ‍ॅम्प बहुतेक ऑर्केस्ट्रावाल्यांकडे असतात, नाहीतर एखाद्या तालमीच्या खोलीत वर्षानुवर्षं झाकून ठेवलेले. दुरुस्तीला घेऊन येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "दादा, टँक गेलाय, नवीन बसवून द्या."

टँक, म्हणजे रिव्हर्बच्या स्प्रिंगांची पेटी, गेलेला असू शकतो. पण तो बाहेरून मागवावा लागतो, पैसे जातात, वाट पाहावी लागते आणि चुकीच्या कोडचा आला तर रिव्हर्ब आणखी क्षीण होतो. प्लग, वायर, व्हॉल्व्ह (तापून चालणारी काचेची नळी), कंडेन्सर यांतलं काही बिघडलं असेल, आणि बऱ्याचदा तेच असतं, तर नवा टँक बसवूनही फरक पडत नाही. म्हणून आधी दोष कुठल्या भागात आहे ते शोधायचं, खर्च नंतर.

पुढची माहिती मुख्यतः फेंडरच्या ब्लॅकफेस (काळ्या पॅनेलच्या) आणि सिल्व्हरफेस (चंदेरी पॅनेलच्या) काळातल्या अ‍ॅम्पना लागू पडते: डिलक्स रिव्हर्ब, ट्विन रिव्हर्ब, सुपर रिव्हर्ब आणि त्या सर्किटवर बेतलेले इतर व्हॉल्व्ह अ‍ॅम्प. ट्रान्झिस्टर आणि आयसीच्या अ‍ॅम्पबद्दल शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलं आहे.

आवाज कुठून कुठे जातो

स्प्रिंगचा रिव्हर्ब हॅमंडच्या ऑर्गनमधून गिटारकडे आला. फेंडरने १९६१ मध्ये रिव्हर्बचं स्वतंत्र युनिट काढलं आणि १९६३ मध्ये व्हायब्रोव्हर्ब या अ‍ॅम्पमध्ये तो आतच बसवला. तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही.

तिचे तीन भाग लक्षात ठेवा. पहिला पाठवणारा: १२एटी७ हा व्हॉल्व्ह आणि छोटा रिव्हर्ब ट्रान्सफॉर्मर मिळून गिटारचा सिग्नल टँककडे ढकलतात. दुसरा टँक: एका टोकाच्या कॉइलमुळे स्प्रिंगच्या टोकावरचं बारीक चुंबक हलतं, ती हालचाल स्प्रिंगमधून पुढे जाते, आदळून मागे येते, पुन्हा पुढे जाते, आणि दुसऱ्या टोकाच्या कॉइलमध्ये तिचा पुन्हा सिग्नल होतो. हा सिग्नल अगदी दुबळा असतो. तिसरा भाग तो दुबळा सिग्नल परत घेऊन वाढवणारा: १२एएक्स७ चा अर्धा भाग. त्यानंतर रिव्हर्बचा नॉब येतो आणि मग मूळ आवाजात मिसळणं होतं.

आपलं सगळं काम म्हणजे या तिघांपैकी दमलाय कोण, हे ठरवणं.

आधी जिवाची काळजी

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या चेसिसमध्ये, म्हणजे सर्किट असलेल्या पत्र्याच्या खोक्यात, चारशे व्होल्टच्या पुढे डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते मोठ्या कंडेन्सरमध्ये साठून राहतं. या लेखातल्या निम्म्याहून अधिक तपासण्या चेसिस न उघडता होतात, त्या बिनधास्त करा. चेसिस उघडायचीच असेल तर अ‍ॅम्प बंद करून प्लग भिंतीतून काढा. १०० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेशन असलेल्या क्लिपने आधी चेसिसला आणि मग फिल्टर कंडेन्सरच्या पॉझिटिव्हला लावून मिनिटभर धरा, आणि मीटरवर व्होल्टेज शून्याजवळ आलेलं डोळ्यांनी पाहा. ज्याला हे करताना मनात शंका येते त्याने इथून पुढचं काम जाणकाराकडे द्यावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

आणखी एक. अमेरिकेतून आलेल्या जुन्या अ‍ॅम्पना पुष्कळदा दोन पिनांची वायर असते. ती काढून तीन पिनांची, खऱ्या अर्थिंगची वायर लावून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

न उघडता होणाऱ्या तपासण्या

गिटार व्हायब्रॅटो चॅनलमध्येच लावली आहे ना ते पाहा. या अ‍ॅम्पच्या नॉर्मल चॅनलला रिव्हर्ब नसतोच. कार्यक्रमाच्या घाईत हे विसरलं जातं.

मग फूटस्विच काढून टाका. या सर्किटमध्ये फूटस्विच रिव्हर्बचा सिग्नल ग्राउंडला जोडून तो बंद करतो. स्विच काढला की रिव्हर्ब चालू राहायला हवा. काढल्यावर आवाज एकदम भरून आला, तर दोष फूटस्विचच्या वायरीत किंवा प्लगमध्ये आहे. स्टेजवर पायाखाली चिरडलेल्या, ओल लागलेल्या वायरीत हे होतं.

तिसरी गोष्ट व्होल्टेज. १२० व्होल्टचा अ‍ॅम्प स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालत असेल तर त्या ट्रान्सफॉर्मरमधून प्रत्यक्ष किती व्होल्ट बाहेर येतात ते अ‍ॅम्प चालू असताना मोजा. आपल्याकडे लाइन २३० व्होल्टची म्हणतात, पण गणपतीत रोषणाईच्या लोडवर किंवा गावाकडच्या जत्रेत जनरेटरवर ती बरीच खाली येते. फिलामेंटला ६.३ च्या जागी साडेपाच व्होल्ट मिळाले तर व्हॉल्व्ह पुरेसे तापत नाहीत आणि सगळा अ‍ॅम्पच मलूल होतो. घरी छान वाजणारा रिव्हर्ब मांडवात बसत असेल, तर आधी इथे पाहा.

हलवून पाहायची चाचणी

अ‍ॅम्प चालू करा, व्हॉल्यूम दोन-तीनवर, रिव्हर्ब चारवर. गिटार लावू नका. अ‍ॅम्पचा एक कोपरा बोटभर उचला आणि हलकेच खाली टेकवा. स्प्रिंगा एकमेकींवर आदळून स्पीकरमधून खणखणीत गडगडाट आला पाहिजे.

गडगडाट जोरात येतोय पण गिटार वाजवल्यावर रिव्हर्ब नाही: टँकचं आउटपुट, परतीची वायर आणि १२एएक्स७ ठीक आहेत. दोष पाठवणाऱ्या बाजूला किंवा टँकच्या इनपुट कॉइलमध्ये शोधायचा.

गडगडाटही मलूल आहे: दोष परतीच्या बाजूला. टँकची आउटपुट कॉइल, परतीची वायर, १२एएक्स७, किंवा नॉब.

या एका चाचणीने अर्धा अ‍ॅम्प संशयातून मोकळा होतो. तरीही ती न करताच टँकची ऑर्डर देणारे खूप भेटतात, याचं वाईट वाटतं.

अजून खात्री हवी असेल तर टँकच्या बाजूने परतीचा प्लग काढा, व्हॉल्यूम कमी ठेवा आणि प्लगच्या मधल्या पिनेला बोट लावा. स्पीकरमधून मोठा गुंऽऽ असा हम आला तर परतीचा भाग जिवंत आहे. पाठवणाऱ्या बाजूसाठी साधा ८ ओहमचा छोटा स्पीकर घ्या. टँककडे जाणारा प्लग काढून तो या स्पीकरला जोडा आणि गिटार वाजवा. पातळ, झणझणीत, बास नसलेला पण स्पष्ट आवाज आला पाहिजे. तो पातळच असतो, कारण ड्रायव्हरच्या, म्हणजे पाठवणाऱ्या १२एटी७ च्या, आधीचा ५०० पिकोफॅरडचा कंडेन्सर आणि १ मेगओहमचा रेझिस्टन्स मिळून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचा भाग मुद्दाम कापतात. खालचे सूर स्प्रिंगमध्ये गेले तर चिखल होतो. या पाठवणाऱ्या वायरीचं दुसरं टोक काही न जोडता, गिटार जोरात वाजवत अ‍ॅम्प चालू ठेवू नका. लोड नसलेल्या रिव्हर्ब ट्रान्सफॉर्मरला त्याने धोका होतो.

वायरी आणि प्लग

कोल्हापूरचा पावसाळा लांबतो आणि जून ते सप्टेंबर हवेत कायम ओल असते. टँकच्या दोन वायरींना आरसीए प्लग असतात, आणि ओलीने त्यांच्यावर काळपट थर चढतो. परतीच्या वायरीतला सिग्नल इतका बारीक की एवढा थरही त्याला पुरतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पाण्यात न बुडालेल्या, नुसत्या ओल्या खोलीत राहिलेल्या अ‍ॅम्पमध्येही हे दिसायचं.

अ‍ॅम्प बंद करून चारही प्लग काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून मधली पिन आणि बाहेरची रिंग पुसा. काडी काळी येत राहील तोवर पुसा. सॉकेटमध्ये काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरे, मग प्लग घालून चार-पाच वेळा फिरवा. बाहेरच्या पाकळ्या सैल झाल्या असतील तर पक्कडीने अगदी किंचित आत दाबा. जास्त दाबल्या तर तुटतात.

मीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही वायरी वाकवत, मुरगळत तपासा. बीप मध्येच तुटली तर डाग (सोल्डरचे जोड) उकरत बसू नका, शील्ड असलेली नवी चांगली वायर घ्या. तेवढीच लांब, उगाच दुप्पट नको. आणि दोन्ही वायरींवर खुणा करा. पाठवणारी आणि परतीची वायर उलटसुलट लागली की रिव्हर्ब जवळजवळ नाहीसा होतो, आणि अ‍ॅम्प एकदा उघडून बंद केल्यानंतर ही उलटापालट सर्रास झालेली असते.

टँक टेबलावर

टँक त्याच्या पिशवीतून काढून उजेडात ठेवा. इथे घाई करू नका, दोष बहुधा डोळ्यांनीच दिसतो.

आधी मीटर लावा. इनपुटच्या सॉकेटवर डीसी ओहम मोजा. फेंडरच्या टँकमध्ये ८ ओहमची इनपुट कॉइल असते, पण डीसी मोजली की ती सुमारे ०.८ दाखवते. मीटरच्या पिनाच ०.३-०.४ दाखवतात, त्या आधी एकमेकींना लावून मोजा आणि वजा करा. आउटपुटची कॉइल २२५० ओहमची, डीसीमध्ये सुमारे २००. यापैकी कुठे मीटर काहीच दाखवत नसेल तर ती बाजू तुटलेली आहे.

तुटलेली म्हटलं की लोक टँक बाजूला टाकतात. थांबा. कॉइल स्वतः क्वचित जळते. बहुतेक वेळा सॉकेटपासून कॉइलपर्यंत जाणारी केसासारखी तार सुटलेली असते. भिंग घ्या. तारेचा रंग एखाद्या ठिकाणी हिरवट झालेला दिसेल, किंवा डागाशेजारी टोक मोकळं उभं असेल. त्या टोकावरचं इनॅमल बारीक पॉलिश पेपरने हळू खरवडा, २५ वॅटच्या कैयाने (सोल्डरिंग आयर्नने) रोझिनची बारीक सोल्डर लावून झटकन डाग द्या. तारेला ताण ठेवू नका, थोडी ढिलाई हवीच, कारण आतली पट्टी चार छोट्या स्प्रिंगांवर लटकलेली असते आणि ती हलते.

त्या चार लटकत्या स्प्रिंगाही पाहा. एखादी निसटली की आतली पट्टी बाहेरच्या पत्र्याला टेकते आणि रिव्हर्ब दबतो. मुख्य स्प्रिंगा हुकात आहेत का, एकमेकींत गुंतल्या आहेत का, मधल्या जोडाला गंज आहे का, हे बघून घ्या.

आता टोकाकडचं चुंबक. ते कॉइलच्या लोखंडी गाभ्यातल्या फटीत बरोबर मध्ये, कुठेही न टेकता असलं पाहिजे. उद्यमनगरसारख्या भागात लेथ, ग्राइंडर किंवा फाउंड्रीच्या आसपास ठेवलेल्या अ‍ॅम्पमध्ये एक वेगळीच अडचण येते. हवेतला लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटत जातो, फट भरते आणि चुंबक अडकतं. मग कॉइल बरोबर, वायर बरोबर, मीटर सगळं ठीक दाखवतो, पण आवाज मात्र बसलेला. फटीत फुंकर मारून हा कीस निघत नाही. उदबत्तीच्या काडीला चिकटपट्टी उलटी गुंडाळा, चिकट बाजू बाहेर, आणि काडी फटीतून हलकेच फिरवा. कीस पट्टीला येईल. पट्टी बदलत चार-सहा वेळा करा. लोखंडी चिमटा तिथे नेऊ नका. चुंबक त्याला ओढतं आणि स्प्रिंगचं टोक वाकतं.

स्प्रिंगांवर तेल, ग्रीस किंवा गंज काढायचा स्प्रे कधीच मारू नका. त्यावर धूळ बसते आणि स्प्रिंग जड होते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडली की झालं. गंज खोलवर गेला असेल, स्प्रिंग खरखरीत लागत असेल, तर मात्र टँक खरंच संपला.

शेवटी टँकवरचा कोड वाचा. फेंडरच्या या अ‍ॅम्पना सहसा ४एबी३सी१बी लागतो. पहिला ४ म्हणजे सुमारे १७ इंची टँक, त्यानंतरचा ए म्हणजे ८ ओहम इनपुट, बी म्हणजे २२५० ओहम आउटपुट, ३ म्हणजे लांब घुमणारा. पुढची अक्षरं ग्राउंड कुठल्या सॉकेटला आहे आणि टँक कसा बसवायचा ते सांगतात. शेवटचा बी म्हणजे आडवा, उघडी बाजू खाली. मधेच कुणीतरी ६०० ओहम इनपुटचा, म्हणजे इ अक्षराचा टँक बसवला असेल, तर सगळे भाग उत्तम असूनही रिव्हर्ब क्षीणच राहील. या इनपुट कॉइलची डीसी ५८ ओहमच्या आसपास येते, त्यावरून पुसलेल्या कोडचा टँकही ओळखता येतो.

नवा मागवायचाच ठरला तर अ‍ॅक्युट्रॉनिक्स आणि मॉड ही नावं सहज सापडतात. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारताना कोड पूर्ण सांगा. 'फेंडरचा टँक' एवढ्यावर दुकानदाराला काही कळत नाही.

व्हॉल्व्ह

ड्रायव्हरचा १२एटी७ या सर्किटमध्ये फार राबतो. त्याच्या प्लेटला चारशेच्या पुढे व्होल्ट असतात, त्याच्या छापील मर्यादेपेक्षा बरेच जास्त. म्हणून तो इतरांआधी दमतो, आणि रिव्हर्ब हळूहळू उतरण्याचं हे अगदी नेहमीचं कारण.

नवा विकत न घेताही तपासता येतं. अ‍ॅम्प पूर्ण थंड करा. मागून पाहताना उजवीकडून तिसरा व्हॉल्व्ह रिव्हर्बचा ड्रायव्हर, आणि सहावा फेज इन्व्हर्टर, तोही १२एटी७. दोघांची अदलाबदल करा. रिव्हर्ब भरून आला तर जुना ड्रायव्हर दमलेला होता. चौथा व्हॉल्व्ह परतीचा १२एएक्स७. त्याची पहिल्याशी, म्हणजे नॉर्मल चॅनलच्या व्हॉल्व्हशी अदलाबदल करा. चौथा अशक्त असेल तर व्हायब्रॅटो चॅनलचा कोरडा आवाजही नॉर्मल चॅनलपेक्षा दबलेला वाटतो, कारण त्या व्हॉल्व्हचा दुसरा अर्धा भाग तोच आवाज पुढे नेतो.

ड्रायव्हरच्या जागी 'जास्त गेन मिळेल' म्हणून १२एएक्स७ बसवू नका. टँकला रेटायला करंट लागतो, आणि तो १२एटी७ देतो.

चेसिसच्या आत

इथपर्यंत सगळं बरोबर असेल आणि गडगडाटाच्या चाचणीने पाठवणाऱ्या बाजूकडे बोट दाखवलं असेल, तर मला पहिला संशय येतो ड्रायव्हरच्या कॅथोडवरच्या २५ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टच्या कंडेन्सरचा. तो २.२ किलोओहमच्या रेझिस्टन्सला समांतर असतो. वर्षांनी तो आतून वाळतो आणि ड्रायव्हरचा जोर घटतो. अ‍ॅम्प बंद, डिस्चार्ज केलेला असताना त्याला समांतर नवा कंडेन्सर तात्पुरता लावा, प्लस-मायनस नीट पाहून. मग चालू करा आणि ऐका. फरक लगेच कळतो. कळला की जुना काढून नवा कायमचा बसवा. याच मापाचा कंडेन्सर चौथ्या व्हॉल्व्हच्या कॅथोडवर ८२० ओहमशेजारी आहे. एक बदलताय तर दुसराही बदला, किंमत नगण्य आहे.

व्होल्टेज मोजता येत असेल तर ड्रायव्हरच्या ३ आणि ८ नंबरच्या पिनांवर साधारण ८ ते ९ व्होल्ट हवेत. दोन-तीनच आले तर व्हॉल्व्ह दमलाय. शून्य आलं आणि प्लेटलाही व्होल्टेज नाही, पण ट्रान्सफॉर्मरच्या आधी सप्लाय आहे, तर रिव्हर्ब ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी (व्हॉल्व्हकडचं वाइंडिंग) तुटलं आहे. तो बदलावा लागतो.

परतीच्या बाजूला रिव्हर्बचा १०० किलोओहमचा पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टन्स) क्लीनरने साफ करा आणि तिथून निघणारा ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स मोजा. जुने कार्बनचे रेझिस्टन्स वयानुसार वाढत जातात. हा सहा-सातशेवर गेला असेल तर रिव्हर्ब तेवढा कमी मिसळतो.

ट्रान्झिस्टर आणि आयसीचे अ‍ॅम्प

टँक आणि वायरींच्या तपासण्या तशाच. फक्त इथे ट्रान्सफॉर्मर नसतो, ४५५८ किंवा टीएल०७२ सारखा आयसी टँक चालवतो, म्हणून ८ ओहमच्या स्पीकरची चाचणी इथे करू नका. टँकही वेगळ्या इनपुटचा असतो, फेंडरचा टँक यात चालत नाही. आयसीच्या ८ नंबरच्या पिनेवर प्लस १५ आणि ४ वर मायनस १५ व्होल्टच्या आसपास आहे का पाहा. एक बाजू खाली बसली असेल तर तिथला झेनर किंवा रेझिस्टन्स गेला. दोन्ही ठीक असतील तर आयसी बदलून पाहा. तो इथल्याच दुकानात मिळतो.

परत बसवताना

टँकचं आउटपुट टोक मेन ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवा, नाहीतर रिव्हर्बबरोबर हमही वाढेल. पिशवी आणि पुठ्ठा परत घाला, स्क्रू हाताने बेताचेच आवळा, आणि आतली पट्टी मोकळी हलतेय हे बोटाने पाहा. मग अ‍ॅम्प अर्धा तास चालू ठेवून पूर्ण तापल्यावर पुन्हा ऐका, कारण काही सुटे डाग गरम झाल्यावरच सुटतात. रिव्हर्बचा नॉब कुठल्या आकड्यावर हवा तेवढा आवाज देतोय ते मागच्या फळीवर पेन्सिलने लिहा, तारखेसकट. पुढच्या पावसाळ्यानंतर तोच नॉब दोन आकडे पुढे न्यावा लागला, तर पहिल्यांदा प्लग पुसायला घ्या.